वंशावळ शोधायची, तर खर्च किती?

वंशावळीचा नाद लागला की पहिल्याच महिन्यात तीन गोष्टी दारात येतात. कोणीतरी चुलतभाऊ व्हॉट्सअॅपवर पीडीएफ धाडतो, त्यात मूळ पुरुषापासून अकरा पिढ्या ओळीने मांडलेल्या. एखादं परदेशी संकेतस्थळ ‘काही दिवस फुकट’ म्हणत कार्डाचा नंबर मागतं. आणि ओळखीतून एक गृहस्थ निघतात, ते पंधरा पिढ्या काढून देतो म्हणतात आणि पिढीमागे दर सांगतात. पहिलं फुकट, दुसरं वर्गणीचं, तिसरं महाग. तिन्हींत विकाऊ माल मात्र एकच असतो, पिढ्यांची संख्या.

खर्चाचा हिशेब पिढ्यांवर करू नका, दुव्यांवर करा. दुवा म्हणजे ‘हा त्याचा मुलगा’ हे एक विधान. तुमच्या खापरपणजोबांपर्यंत वडिलांकडून जायचं तर चार दुवे लागतात. त्यातला प्रत्येक कशावर उभा आहे आणि तो पक्का करायला किती पैसे पडतील, एवढंच बघायचं. या रीतीने पाहिलं तर एक मजेची गोष्ट दिसते: सर्वांत भरवशाचे दुवे सर्वांत स्वस्त असतात, आणि सतराव्या शतकात नेणारे महाग दुवे बहुतेक ऐकीव.

कसोटी आधी, पाकीट नंतर

जातप्रमाणपत्रासाठी किंवा वारसहक्कासाठी दिलेली वंशावळ कोणीतरी तपासतं. समोर समिती असते, भाऊबंद असतात, वकील असतो. छंदाच्या वंशावळीला तपासणारा कोणी नाही. चूक तशीच राहते, पुढच्या पीडीएफमध्ये जाते आणि वीस वर्षांनी ‘सगळीकडे असंच आहे’ म्हणून खरी ठरते. त्यामुळे कसोटी आपली आपणच ठरवायची.

अमेरिकेत वंशावळ-संशोधकांना प्रमाणपत्र देणारं एक मंडळ 1964 पासून आहे. त्यांची कसोटी पाच अंगांची: शोध वाजवी मर्यादेपर्यंत पुरा केलेला असावा, प्रत्येक माहितीचं मूळ नोंदलेलं असावं, पुरावे एकमेकांशी ताडून पाहिलेले असावेत, विसंगती मिटवलेली असावी आणि निष्कर्ष कारणांसह लिहून काढलेला असावा. हौशी माणसाला एवढं रोज पाळणं जड जातं. मी घरगुती वापरासाठी तीन शेरे सुचवेन: पक्का, बहुतेक, ऐकीव. बाप आणि मूल या दोघांचीही नावं असलेला त्या काळातला एक कागद, किंवा एकमेकांवरून न उतरवलेले दोन पुरावे मिळाले तर पक्का. एकच पुरावा, तोही नंतरचा, तर बहुतेक. बाकी सगळं ऐकीव. चुलतभावाची पीडीएफ, आत्याची वही आणि छापील कुलवृत्तांत हे तिन्ही एकमेकांवरून उतरवलेले असतील तर तो एकच पुरावा, तीन नव्हेत. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

खर्चाचा दुसरा निर्णय रुंदीचा. पारंपरिक वंशावळ एकाच नळीतून वर जाते: मुलगा, बाप, आजा. आईकडच्या साऱ्या शाखा धरल्या तर खापरपणजोबांच्या पिढीपर्यंत पूर्वज होतात 30 (आईवडील 2, आजी-आजोबा 4, त्यांचे आईवडील 8, त्यांचेही 16). प्रत्येक माहेर म्हणजे वेगळं गाव, वेगळा तालुका, वेगळं रेकॉर्ड रूम. खर्च पाच-सात पटींवर जातो. माझं मत विचाराल तर चार पिढ्यांपर्यंत सगळे 30 शोधावेत आणि त्यापुढे हौस असेल तरच जावं. खापरपणजीचं माहेर शोधण्यात जी अडचण आहे तीच या छंदातली खरी कसरत आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव महाराष्ट्रात सक्तीचं झालं. त्याआधीच्या आयांची नावं आपल्यालाच खणून काढायची आहेत.

पहिल्या टप्प्याला पाच हजार रुपये बाजूला काढा. ते संपेपर्यंत मोडीवाचक, डीएनए चाचणी, वर्गणी यांतलं काहीही घ्यायचं नाही.

घरातलं: जवळजवळ फुकट

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी बोलण्याला पैसे पडत नाहीत, आणि हेच काम सगळे पुढे ढकलतात. फोनवर आवाज टिपून घ्या, परवानगी विचारून. ‘तुमच्या आजोबांचं नाव काय’ असं सुरू करू नका. लग्नात कोण कोण आलं होतं, मामाच्या गावाला कुठल्या गाडीने जायचात, सुतक कोणाकोणाचं धरायचात, हे विचारा. सुतकाच्या यादीत भाऊबंद आपोआप येतात आणि नावं विसरलेली माणसंही सोयरसुतक विसरलेली नसतात.

मग कागद: लग्नपत्रिका, जमिनीचे दस्त, शाळेचे दाखले, पेन्शनची पुस्तकं, देवघरातली वही, घराण्यात कोणी जपली असल्यास जन्मपत्रिका. स्कॅनर लागत नाही, दिवसाच्या उजेडात फोनचा फोटो पुरतो. फक्त प्रत्येक कागदाचे दोन फोटो काढा, एक पूर्ण पानाचा आणि एक ज्या पुस्तकातून किंवा फाइलीतून तो आला त्याच्या कव्हरचा. महिनाभराने तो कुठला होता हे कव्हरच सांगतं.

छापील कुलवृत्तांत कोकणस्थ घराण्यांत पुष्कळ निघाले, इतर समाजांतही आता निघतात. सुरुवातीला तो हाती असणं उत्तम, पण त्याला पुरावा न मानता मार्गदर्शक माना. जुन्या वृत्तांतांत मुलींच्या जागी बऱ्याचदा नुसता ‘कन्या 3’ असा आकडा असतो. दत्तक कुठे सांगितलेला, कुठे झाकलेला. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत आणखी गोंधळ घालते. विष्णू रामचंद्र, रामचंद्र विष्णू, पुन्हा विष्णू रामचंद्र, अशी माळ एकाच वाडीत दोन भावांच्या घरांत चालू असेल तर जुळवताना एक पिढी गळते, नाहीतर फुकटची वाढते. अशा वेळी प्रत्येक नावापुढे बायकोचं नाव लिहायची सवय लावा. दोन विष्णूंपेक्षा दोन विष्णूंच्या बायका वेगळ्या ओळखू येतात.

सरकारी कागद: पैसे इथे घाला

महाराष्ट्रातल्या शेतकरी घराचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा कागद म्हणजे जमिनीचा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांना मिळतो. नुसता पाहायला पैसे नाहीत. वंशावळीला मात्र सातबारा हा फक्त दरवाजा. त्यावरचे फेरफार क्रमांक टिपा आणि जुन्या फेरफारांच्या मागे लागा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत. नसतील तर तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि तहसीलचा अभिलेख कक्ष.

वारसाचा फेरफार एका ओळीत कुटुंब उभं करतो: अमुक खातेदार मयत, वारस मुलगा अमुक, मुलगी तमुक, विधवा अमकी. यात दोन गोष्टी जपा. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नसते. नोंद कधी महिन्याने, कधी पंधरा वर्षांनी घातलेली असते. आणि ज्या घरात मुलींची नावं वारसांत नाहीत तिथे मुली नव्हत्याच असं समजू नका.

जुन्या नोंदींतली दोन संक्षिप्त रूपं फार कामाची आहेत. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे मागे भाऊ आहेत पण कागदावर नाहीत. ‘अ.पा.क.’ असेल तर अज्ञान पालनकर्ता: वारस त्या वेळी सज्ञान नव्हता आणि पालक म्हणून बहुधा आईचं किंवा चुलत्याचं नाव येतं. एकाच अक्षरपुंजक्यातून वयाची वरची मर्यादाही मिळते आणि कधी आईचं नावही. पंधरा रुपयांत यापेक्षा चांगला सौदा नाही.

गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, यात गावातले जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात; तारीख, बापाचं नाव, जात. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून ही पुस्तकं सगळ्यांना ठाऊक झाली. त्याआधी तहसीलमध्ये धूळ खात होती. वाचताना एक अडचण येते. बारशाच्या आधीच नोंद झालेली असल्यामुळे पुष्कळदा मुलाचं नावच नसतं, नुसतं ‘रामजी बिन तुकोजी यास मुलगा’. रामजीला चार मुलगे असतील तर हा कोणता? शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही. शाळेचं रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहता येतं, पण तिथे जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून दिसला की थांबा. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी 1 जून लिहीत, आणि त्यामुळे महाराष्ट्रात एका पिढीतली निम्मी गल्ली एकाच दिवशी जन्मलेली दिसते. अशा वेळी वर्ष ‘बहुतेक’, तारीख ‘ऐकीव’. त्या वर्षाच्या आसपास कोतवाल बुकातला मुलगा सापडला तर सोन्याहून पिवळं.

कागद सहजी मिळेना तर माहितीचा अधिकार आहे: अर्जाला 10 रुपये, नकलेला पानामागे 2 रुपये. साठ पानं घेतली तरी 130 रुपये, वर टपाल. घटना वीस वर्षांपूर्वीची असेल तर खासगी माहिती म्हणून नकार देणं कार्यालयाला कलम 8(3)मुळे कठीण जातं. अर्जात हे कलम लिहा. अर्ज मात्र नेमका हवा. ‘आमच्या घराण्याची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज आला की कोणताही माहिती अधिकारी ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर देऊन मोकळा होतो. गाव, नमुना क्रमांक, वर्षं (उदाहरणार्थ 1910 ते 1930) लिहा आणि आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा, नकला नंतर. पाहणीत एका तासात जे कळतं ते शंभर पानांच्या नकलेत कळत नाही.

वतनदारांच्या कागदांबद्दल थोडं. 1874च्या वतन कायद्याखाली पाटील-कुलकर्ण्यांबरोबर महार वतनाच्याही नोंदी झाल्या, आणि वतन वारसाने चालत असल्याने त्यांत वारस येतात. वंशावळ म्हणजे इनामदारांची चैन असं समजून महार वतनदारांची नातवंडं या कागदांकडे जातच नाहीत, हे वाईट आहे. वतनं 1950 ते 1962च्या दरम्यान वेगवेगळ्या कायद्यांनी संपली. ती संपवतानाच्या निवाड्यांच्या फाइलीही पाहण्याजोग्या.

मोडीचं पान

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातले गावचे कागद बरेचदा मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या धांदलीपासून मोडीवाचकांना मागणी वाढली आणि दरही. प्रत्येकाचा दर निराळा. पान सुबक आहे की कसरीने खाल्लेलं, यावरही तो बदलतो. दर विचारताना पुढचं स्पष्ट करून घ्या: दर पानाला की नोंदीला? फक्त देवनागरी लिप्यंतर की अर्थही? न लागलेल्या अक्षरांच्या जागी रिकामी जागा सोडणार की अंदाज घालणार? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चांगला वाचक ‘अवाच्य’ असं लिहितो आणि त्याचेही पैसे घेतो, ते द्यावेत. मोडीत शिरोरेघ आधी ओढून अक्षरं तिला लटकवलेली असतात, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अशा लिपीत ‘सगळं लागलं’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास कमी.

पाच-सहा पानांहून जास्त काम दिसत असेल तर स्वतः शिका. राज्याचा पुराभिलेख विभाग, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि काही विद्यापीठं मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतात. महिन्याभरात छापील वळण वाचता येतं. घसटीला, म्हणजे घाईत ओढलेल्या अक्षराला, वर्ष लागतं. घराण्यातली सातआठ नावं, गावाचं नाव आणि नात्याचे शब्द एवढे ओळखता आले तरी निम्मी पानं स्वतः चाळता येतात आणि पैसे फक्त कामाच्या पानांवर जातात. नात्याचे शब्द थोडेच आहेत: ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘काशी कोम गणू’ एवढं वाचता आलं की एक लग्न सापडलं.

सनाकडे डोळे उघडे ठेवा. शकात 78 मिळवले की इसवी सन (पौष-माघापुढच्या तारखांना 79), दक्षिणेतल्या फसलीत 590, सुहूर सनात 599. पेशवाईच्या कागदावर नुसतं ‘सन 1185’ दिसलं आणि ते सुहूर धरलं तर 1784-85, फसली धरलं तर 1775-76. नऊ वर्षांचा फरक म्हणजे एखाद्याचं लग्न त्याच्या मुंजीआधी लागलेलं दिसायला पुरे. मोडीवाचकाला मूळ सनही उतरवून द्यायला सांगा. त्याने परस्पर रूपांतर केलेली तारीख एकटी घेऊ नका.

उपाध्ये आणि हेळवी

नाशिकला रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरला, पंढरपुरात, पुढे काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथे तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आपल्या घराण्यातलं कोणी ना कोणी सापडतं. गाव आणि आडनाव सांगितलं की कोणाचे यजमान ते कळतं. नाशिकसाठी प्रवासाचा फारसा खर्च धरावा लागत नाही. राज्यात एसटीने जाणाऱ्या बायकांना तिकीट निम्मं, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. हा छंद कोणाचा असतो ते पाहिलं तर ही सवलत कामाची आहे.

दक्षिणा आधी ठरवून जा, आणि वही दाखवण्याची व विधीची दक्षिणा वेगळी मागितली जाते का ते विचारून घ्या. घासाघीस करू नये, पण ‘मनाला येईल ते द्या’ हे ऐकून भारावूनही जाऊ नये. वहीतली नोंद वाचताना तिचे दोन भाग पाडा. आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव, तारीख, बरोबरची माणसं: हा त्या दिवसाचा पुरावा, पक्का. त्याने सांगितलेली आज्या-पणज्यांची नावं: ती त्याची आठवण, म्हणून ‘बहुतेक’. नोंदीचा फोटो काढू देतील असं नाही, मग समोर बसून अक्षरन् अक्षर उतरवून घ्या आणि उपाध्यांना वाचून दाखवा. तुमचीही नोंद करायला सांगतील. तेव्हा आईचं, बायकोचं, मुलींचं नाव माहेरासकट लिहा. पुढचा शोधणारा तुमचे उपकार मानेल.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या घरांना हेळवी माहीत आहेत. नंदीसह गावात येणारे, घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे, धान्य, कापड आणि रोख बिदागी घेणारे. काही घरांत अजून येतात. त्यांची वंशावळ पुरुषांच्याच नावांची असते आणि वरच्या पिढ्यांत पाठांतराचा भाग मोठा. तरीही एका गोष्टीसाठी हेळव्यांना तोड नाही: घराणं मुळात कोणत्या गावाहून आलं. तो धागा घेऊन त्या गावचे कागद पाहावेत. हेळवी दर काही वर्षांनी येतात; गावातल्या नातेवाइकाला फोन करून ठेवा आणि येतील तेव्हा ध्वनिमुद्रणाची परवानगी व बिदागी एकदमच ठरवा.

दप्तरखाने

पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत. मुंबई आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, हीही ठिकाणं. फी किरकोळ, खरा खर्च राहण्या-जेवणाचा आणि वेळेचा, कारण घराण्याच्या नावाने शोधता येईल अशी सूची नसते. रुमाल मागवायचा, सोडायचा, चाळायचा, परत बांधायचा. म्हणून आधी छापील पाहा. गो. स. सरदेसायांनी संपादिलेले ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’चे 45 खंड आहेत. त्यांत आडनाव नाही, गाव नाही, तर रुमालांत शिरण्याआधी विचार करा.

इथे एक सावधगिरी. जुन्या वंशावळी बहुतेक भांडणातून आल्या आहेत. वतनाच्या तंट्यात पक्षकार आपला करीना, म्हणजे लेखी हकिगत, देई, त्यात पूर्वज सांगे. 1852 पासून ब्रिटिशांच्या इनाम कमिशनपुढे इनाम टिकवण्यासाठी लोकांनी वंशावळी दाखल केल्या. त्या कागदांवर शिक्का आहे, तारीख आहे, सही आहे, आणि लिहिणाऱ्याचा स्वार्थही आहे. कागद अस्सल म्हणून त्यातला प्रत्येक बाप अस्सल असं होत नाही. विरुद्ध पक्षाचा करीना सापडला तर तो आधी वाचा.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांचं चित्र वेगळं: चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूच्या नोंदी आणि पणजीचं पुराभिलेखागार. पोर्तुगीज वाचणाऱ्या माणसाचा खर्च मोडीवाचकाच्या जागी धरा. आईवडिलांबरोबर आजी-आजोबांचीही नावं एका नोंदीत मिळू लागली की महाराष्ट्रातल्या माणसाला हेवा वाटतो.

मॉरिशसहून मूळ गाव शोधत येणाऱ्या मराठी घरांनी इथे तिकीट काढण्याआधी तिथलंच काम पुरं करावं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदी आहेत: क्रमांक, जहाज, वय, बापाचं नाव, गाव. गावाचं नाव कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. तेच स्पेलिंग जसंच्या तसं घेऊन या, सुधारून नको. रत्नागिरीतली माणसं ते मोठ्याने वाचून गाव ओळखतात.

वर्गण्या आणि थुंकीच्या नळ्या

परदेशी वर्गणीच्या संकेतस्थळांवर ब्रिटिश, अमेरिकन नोंदींचा साठा मोठा आहे. कोतवाल बुक तिथे नाही. घरातली शाखा तिकडे गेली असेल तर एका महिन्याची वर्गणी घ्या, आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. फॅमिलीसर्च फुकट आहे आणि हरिद्वारच्या काही वह्यांचं चित्रीकरण त्या संस्थेने 1970च्या दशकापासून केलेलं आहे. झाड मांडायला ग्रॅम्प्स हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं; देवनागरी चालते आणि प्रत्येक दुव्याला पुरावा जोडायची सोय आहे. कुठलंही घ्या, माहिती जेडकॉम स्वरूपात बाहेर काढता येते ना, तेवढं पाहा.

डीएनए चाचणीला साधारण शंभर डॉलरच्या आसपास पडतात. चुलत-मावस नाती जुळवायला ती चालते, पण जुळणारी माणसं त्याच कंपनीच्या साठ्यात असायला हवीत आणि मराठी माणसं तिथे थोडी. पणजोबांचं नाव त्यातून मिळत नाही. या क्षेत्रातली 23अँडमी ही मोठी अमेरिकी कंपनी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा ग्राहकांच्या नमुन्यांचं काय हा प्रश्न उभा राहिला. आपली एकट्याची नाही, सगळ्या भाऊबंदांची माहिती आपण देत असतो. घरात विचारून मग द्या. मी तरी हे पैसे मोडीच्या वर्गाला घालेन.

माणूस नेमायचा तर

पिढीमागे दर सांगणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. पिढीमागे पैसे मिळणाऱ्याला पिढ्या सापडतातच. दर दिवसाचा, नाहीतर ठरलेल्या कामाचा असावा: ‘या गावचे 1890 ते 1930चे नमुना 14 पाहणे’. करार साध्या कागदावर चालतो, पण त्यात चार गोष्टी असाव्यात: काय पाहिलं, कुठल्या वर्षांचं पाहिलं, काय सापडलं नाही, आणि सापडलेल्या प्रत्येक नोंदीचा फोटो पान क्रमांकासह. ‘सापडलं नाही’ या अहवालाचेही पूर्ण पैसे द्यायचे, हे आधीच कबूल करा. ते कबूल नसलं की माणूस काहीतरी सापडवतो. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली अहवालावर. प्रवास आणि नकलांचा खर्च पावतीवर, दरात मिसळून नको. पहिलं काम छोटं द्या. त्या अहवालात एकही ‘अवाच्य’ किंवा ‘खात्री नाही’ नसेल तर दुसरं देऊ नका.

आडनावावरून क्षत्रिय कुळ, ध्वज, देवक आणि राजवंश लिहून देणारी चौकटबंद प्रमाणपत्रंही मिळतात. भिंतीवर छान दिसतात. एकाच आडनावाच्या वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या जातींतल्या घरांना तोच मजकूर मिळतो.

छापायचं ठरलं तर

छपाईचा खर्च पानांपेक्षा प्रतींच्या संख्येवर आणि रंगीत पानांवर फिरतो. हिशेब सोळा पानांच्या फॉर्मावर होतो, म्हणून पानसंख्या सोळाच्या पटीत बसवा. 162 पानांच्या पुस्तकाला उगाच एक फॉर्म वाढतो. रंगीत फोटो एका फॉर्मात एकत्र घेतले तर स्वस्त. दीडशे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाईचा भाव घ्या, त्याहून बऱ्याच जास्त असतील तर ऑफसेटचा. दोन्हींचे भाव तीन ठिकाणांहून, बांधणीसह. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, त्याचे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका. मुद्रितशोधनावर मात्र हात आखडू नका. नावांच्या पुस्तकात एका वेलांटीने माणूस बदलतो.

पैसे कुलसंमेलनात देणग्यांतून उभे राहतात. देणगीदाराला रंगीत पान द्या, आभार माना; त्याच्या आजोबांना ‘सुभेदार’ ही पदवी मात्र कागद पाहिल्याशिवाय नको. हा वाद होतोच, म्हणून देणग्या घेण्याआधी कसोटीचं पानभर निवेदन छापून वाटा: पक्का, बहुतेक, ऐकीव म्हणजे काय आणि कोणता शेरा कोणत्या खुणेने दिसेल. ऐकीव दुवा तुटक रेघेने दाखवा. वरच्या पिढ्या तुटक रेघेच्या दिसल्या की काही मंडळी नाराज होतात. निवेदन आधीच दिलेलं असलं की बोलणं सोपं जातं.

हयात माणसांचे फोन नंबर, पत्ते, पूर्ण जन्मतारखा छापू नका. जन्मवर्षाने काम भागतं. पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव एकाच पानावर देणं म्हणजे लबाडांना घरची किल्ली देणं. घटस्फोट, दत्तक, दुसरं लग्न याबद्दल त्या त्या माणसाला आधी दाखवून होकार घ्या. शेवटी दोन कोरी पानं ठेवा आणि दुरुस्त्या कुठे कळवायच्या तो ईमेल द्या. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयाला, एक भारत इतिहास संशोधक मंडळाला, आणि पुरावे-फोटोंचा पेनड्राइव्ह निदान दोन वेगळ्या घरांत.